किशोरांच्या वजनावरील चाचण्या: 'उंदीर' म्हणणाऱ्या लेखाला माझे उत्तर

मध्यरेषा

गेल्या आठवड्यात येथे एका सदस्याने लिहिले की वजन जास्त असलेल्या किशोरवयीन मुलांवरचे वैद्यकीय संशोधन म्हणजे त्यांना प्रयोगशाळेतले उंदीर बनवणे होय. त्यांचे म्हणणे असे की 'कमी खा, जास्त हला' हे उत्तर सर्वांना ठाऊक असताना चाचण्या हव्यात कशाला. आणि एवढे करूनही वजन उतरत नसेल तर त्या घरात शिस्त नाही. त्या लेखाखाली दोन ओळी लिहून मी थांबणार होते, परंतु 'घरात शिस्त नाही' हे शब्द चार दिवस मनातून गेले नाहीत, म्हणून हा स्वतंत्र धागा काढते आहे.

उत्तर सर्वांना ठाऊक असते, तर नुसता सल्ला पुरला असता. तो पुरत नाही, हे चाचण्यांमुळेच कळले. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिगटाने २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा असे दिसले की एका मुलामागे किमान २६ तासांचा प्रत्यक्ष संपर्क असेल, म्हणजे आहार, व्यायाम आणि समुपदेशन यांसाठी मूल आणि पालक काही महिने पुन्हा पुन्हा येत असतील, तरच वजनात लक्षात येण्याजोगा फरक पडतो. बहुतेक मुलांच्या वाट्याला वर्षातून एकदा दहा मिनिटे आणि एक छापील तक्ता येतो. मग वजन उतरले नाही की दोष मुलाचा, नाहीतर आईचा.

माझी मुलगी चौदा वर्षांची असताना तिच्या यकृतात चरबी साठल्याचे निदान झाले आणि एका अभ्यासात तिची नोंद झाली. पहिल्या दिवशी परिचारिकेने तिला विचारले, "मी तुझे वजन घेऊ का? काट्याकडे पाठ करून उभी राहिलीस तरी चालेल, आकडा ऐकायचा की नाही ते तू ठरव." ती पाठ करून उभी राहिली. सात महिन्यांनी एके दिवशी ती आपणहून वळली आणि तिने आकडा स्वतः वाचला. वर्षअखेरीस वजन जेमतेम दोन किलो उतरले होते, पण उंची पाच सेंटीमीटर वाढली होती, यकृताची एएलटी चाचणी मर्यादेत आली होती आणि आमच्या जिन्याचे तीन मजले ती न थांबता चढत होती. 'दोनच किलो?' असे विचारणाऱ्या नातेवाइकांना मी आजवर उत्तर दिलेले नाही, ते येथे देते आहे: आम्ही तेथे किलो मोजायला गेलो नव्हतो.

शिवाय हे सगळे वेळेत झाले तर त्याचा उपयोग दूरवर पोहोचतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात सहा हजारांहून अधिक व्यक्तींचा बालपणापासून सरासरी २३ वर्षे मागोवा घेतला होता. लहानपणी वजन जास्त असूनही प्रौढपणी लठ्ठ न राहिलेल्यांमध्ये मधुमेह आणि उच्च रक्तदाबाचा धोका, कधीच लठ्ठ नसलेल्यांइतकाच आढळला. बालपण हातचे गेले म्हणून सगळे संपले, असे नसते.

साशंक

मध्यरेषाताई, तुमच्या मुलीचे चांगले झाले याचा आनंद आहे, परंतु एका मुलीवरून सुतावरून स्वर्ग गाठू नये. 'उंदीर' हा शब्द मीही वापरला नसता, तरी त्या लेखातील शंका मला रास्त वाटते.

टाइप २ मधुमेह झालेल्या १० ते १७ वर्षांच्या ६९९ मुलांवरील 'टुडे' ही चाचणी घ्या. केवळ मेटफॉर्मिन हे साखर कमी करणारे औषध दिलेल्या गटात जवळपास ५२ टक्के मुलांची साखर आटोक्याबाहेर गेली. मेटफॉर्मिनच्या जोडीला जीवनशैलीचा सखोल कार्यक्रम दिलेल्या गटात हे प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपास होते, आणि तो फरक सांख्यिकीदृष्ट्या ग्राह्य ठरला नाही, म्हणजे तो योगायोगानेही पडू शकला असता. तुमच्या संपर्काच्या तासांचे तेथे काय झाले?

आता औषधांकडे येऊ. सेमाग्लुटाइड या आठवड्यातून एकदा टोचायच्या, वजन घटवणाऱ्या औषधाच्या २०२२ मधील चाचणीत २०१ मुले होती. ६८ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) सरासरी १६ टक्क्यांनी घटला, तर प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली सुई, घेणाऱ्यांचा ०.६ टक्के वाढला. समुपदेशन दोन्ही गटांना मिळत होते, म्हणजे समुपदेशनाने काहीही साधले नाही, साधले ते सुईने. आणि सुई थांबवली की काय होते, हे त्याच वर्गातील लिराग्लुटाइड या औषधाच्या आधीच्या चाचणीत दिसले आहे: औषध बंद केल्यावर पुढील २६ आठवड्यांत त्याच मुलांचा बीएमआय प्लासिबो गटापेक्षा जास्त वाढला. दोन्ही चाचण्यांचा खर्च औषध बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्कनेच केला होता. बारा वर्षांच्या मुलाला साठीपर्यंत दर आठवड्याला टोचत राहायचे आहे का, याचे उत्तर ६८ आठवड्यांच्या चाचणीत सापडणार नाही.

उंबरठा

मी या धाग्यावर लिहिणार नव्हते. परंतु दोन्ही बाजूंनी आकडे येत आहेत आणि ज्या मुलांविषयी बोलणे चालले आहे, त्यांच्यापैकी एक मी होते.

मी तेरा वर्षांची असताना शाळेत वर्षातून दोनदा वजन होत असे. काटा वर्गाच्या पुढे ठेवलेला असे, शिक्षक आकडा मोठ्याने सांगत आणि एक मुलगा तो वहीत लिहून घेई. माझा आकडा त्या मुलाने पुन्हा विचारला. त्याला खरोखरच ऐकू आले नव्हते, हे मला आज कळते. त्या दिवशी वर्ग हसला. त्यानंतर वजनाच्या दिवसाआधी मी दोन दिवस जेवत नसे, आणि वजन झाले की रात्री स्वयंपाकघरात दिवा न लावता खात असे. हे सहा वर्षे चालले. मिनेसोटातील 'प्रोजेक्ट ईट' या दीर्घ अभ्यासात नेमके हेच दिसले: आपल्या मनाने 'डाएट' करणाऱ्या किशोरांमध्ये पाच वर्षांनी वजन वाढण्याचा आणि बेभान खाण्याचा धोका अधिक होता.

ऑस्ट्रेलियात १३ ते १७ वर्षांच्या मुलांना पहिले चार आठवडे दिवसाला सुमारे ८०० कॅलरींवर ठेवणारी चाचणी सुरू झाली, तेव्हा ती थांबवावी अशी मागणी अनेकांनी जाहीरपणे केली होती. मी तेथे असते तर माझीही सही त्यावर असती. म्हणून मध्यरेषाताई, पाठ करून उभे राहण्याची मुभा देणारी परिचारिका तुमच्या मुलीला मिळाली हे तिचे भाग्य. तिला तुम्ही पद्धत समजू नका.

क्रीडांगण

मी सत्तावीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आणि दरवर्षी वजन घेतले. आकडा मोठ्याने सांगत होतो, कारण एका तासात पन्नास मुले उरकायची असत आणि लिहून घेणारा दूर बसलेला असे. त्यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नव्हता. मोजल्याशिवाय उपाय करता येत नाही. ताप न मोजता औषध देणाऱ्याला आपण डॉक्टर म्हणणार का? आज प्रत्येक गोष्टीने मुलांच्या मनावर आघात होतो असे धरून चालले, तर त्यांना मैदानावर उतरवणेसुद्धा कठीण होईल. ज्या मुलांना मी रोज पळवले त्यांच्यातली कित्येक आज मला भेटून आभार मानतात.

उंबरठा

जी भेटत नाहीत, त्यांची मोजदाद तुम्ही कशी केलीत, सर? मी माझ्या शिक्षकांना कधीही भेटायला गेले नाही. तापाचा आकडा वर्गासमोर वाचून दाखवत नाहीत आणि ताप आला म्हणून कोणी हसत नाही. हेतू नव्हता असे तुम्ही म्हणता, मी ते मान्यही करते, परंतु त्या हेतूचा मला काडीचाही उपयोग झाला नाही.

क्रीडांगण

माझ्या सत्तावीस वर्षांचा हिशेब तुम्ही तुमच्या एका शिक्षकावरून मांडता आहात, हा अन्याय आहे. तुमचे सोसणे खरे आहे, पण त्याचा आरोपी मी नाही.

बालवैद्य

येथे आवाज चढण्याआधी, ज्या वादाचा निकाल लागलेला आहे तो निदान बाजूला काढू. कॅलिफोर्नियातील ७९ शाळांमध्ये २०१४ ते २०१७ या काळात २८ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून, हाच प्रश्न तपासला गेला. काही शाळांत वजन घेऊन बीएमआयचे पत्रक पालकांना पाठवले, काही शाळांत नुसते वजन घेतले, काही शाळांत वजन घेतलेच नाही. पत्रकांमुळे मुलांच्या वजनात काहीही सुधारणा झाली नाही. उलट जेथे वजन घेतले जात होते तेथे मुलांचे आपल्या शरीराविषयीचे समाधान घटले आणि मित्रमैत्रिणींमध्ये वजनाची चर्चा वाढली. क्रीडांगण सर, मोजणे हे उपायाचे पहिले पाऊल आहे हे खरे, पण पुढची पावले नसतील तर त्या पहिल्या पावलाचा त्रासच तेवढा उरतो.

उंबरठाताई, तुम्ही उल्लेख केलेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. दोन गट होते: एक सलग नियंत्रित आहाराचा, दुसरा आठवड्यातील ठरावीक दिवशी कमी खाण्याचा. ५२ आठवड्यांनी दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच होती, आणि नैराश्याची व विकृत खाण्याची लक्षणे सरासरीने वाढली नाहीत, घटली. देखरेखीखालील उपचारांचा २०१९ मध्ये आढावा घेतला गेला, त्यातही हीच दिशा दिसली होती. तुम्ही अंधारात जे केलेत त्यात देखरेख शून्य होती. या दोन्ही गोष्टींना 'डाएट' हा एकच शब्द वापरला जातो आणि तेथेच घोळ होतो.

साशंक, तुमच्या ०.६ टक्क्यांविषयी: वाढत्या वयात बीएमआय आपोआप वाढतच असतो, म्हणून प्रौढांचा मापदंड येथे चालत नाही, किशोरवयात वाढ रोखली गेली तरी ती कमाई असते. आणि 'टुडे' चाचणीतील प्रत्येक मुलाला मधुमेह आधीच झालेला होता. आग लागल्यावर विहीर खणायला घेतली, तर विहिरीला दोष देता येत नाही.

साशंक

वाढत्या वयाचा मुद्दा माझ्या ध्यानातून निसटला होता, तो मान्य. निधीचा आणि औषध थांबवल्यानंतरचा मुद्दा मात्र तुम्ही शिताफीने टाळलात.

बालवैद्य

टाळलेला नाही. औषध थांबवल्यावर वजन परत येते, हे मी प्रत्येक पालकाला पहिल्याच भेटीत सांगतो. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांपैकी ६२ टक्के मुलांना मळमळ, उलटी अशा पोटाच्या तक्रारी झाल्या आणि काहींना पित्ताशयात खडे झाले, हेही सांगतो. तरीही ज्या मुलाला झोपेत श्वास अडल्यामुळे रात्री चार वेळा जाग येते, त्याला साठीपर्यंतचा अभ्यास पूर्ण होईपर्यंत थांब, असे मी सांगू शकत नाही. खर्च कंपनीने केला म्हणून निष्कर्ष आपोआप खोटे ठरत नाहीत. मात्र दहा-वीस वर्षांचा मागोवा सरकारी निधीतून घेतला गेला पाहिजे, या तुमच्या मागणीवर मी तुमच्या बरोबर आहे.

उंबरठा

डॉक्टर, तुमचे आकडे मी वाचले. लक्षणे सरासरीने घटली, हे मला मनापासून नको असतानाही मान्य करावे लागते आहे. आता एक विचारते. त्या चाचणीत १४१ मुलांनी सुरुवात केली होती आणि ९७ जणांनी ती पूर्ण केली. मधल्या ४४ जणांचे काय झाले? काही आजारी पडले असतील, काहींना जाण्यायेण्याचा कंटाळा आला असेल, परंतु त्यांत माझ्यासारखी एखादी मुलगी असेल तर ती शेवटच्या प्रश्नावलीत दिसणारच नाही. तुमच्या सरासरीवर माझा राग नाही, ज्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही त्यांच्याविषयी मला बोलायचे आहे.

बालवैद्य

हा आक्षेप रास्त आहे. गळती हा या क्षेत्राचा सर्वांत दुबळा भाग आहे. सोडून गेलेल्यांचा अंदाज सांख्यिकी पद्धतीने बांधतात, पण अंदाज म्हणजे ते मूल नव्हे. त्या चाचणीत वाटेत काही मुलांना अधिक आधारासाठी तज्ज्ञांकडे पाठवावे लागले, ते लक्षात आले कारण ठरावीक आठवड्यांनी प्रश्नावली भरून घेतली जात होती. सोडून गेलेल्यांना निदान एक दूरध्वनी वर्षभराने व्हावा, अशी अट नियमावलीत असली पाहिजे. माझ्या स्वतःच्या दवाखान्यातून गळालेल्यांना मी असा दूरध्वनी केलेला नाही, हे येथे लिहून ठेवतो.

मध्यरेषा

या धाग्याचे वजनकाट्यावरच इतके वजन पडेल असे वाटले नव्हते, परंतु पडायला हवे होते, असे आता वाटते. उंबरठा, माझ्या मुलीला मिळाली ती पद्धत नव्हती, भाग्य होते, हे तुमचे वाक्य मला लागले, कारण ते खरे आहे. त्याच अभ्यासातील दुसऱ्या एका केंद्रावर काटा भर मार्गिकेत ठेवलेला होता, हे तिने मला नंतर सांगितले.

'घरात शिस्त नाही' या विधानावरचा माझा राग मात्र कायम आहे, आणि ज्यांनी ते लिहिले त्यांनी येथे अजून एकही शब्द लिहिलेला नाही.

क्रीडांगण

कॅलिफोर्नियाचा अभ्यास मी काल रात्री मुलाकडून समजावून घेतला. एका अभ्यासाने माझी सत्तावीस वर्षे पुसली जाणार नाहीत, आणि मैदानावरची मेहनत वाया जाते असे तर त्यात कोठेही म्हटलेले नाही. उलट १४ ते १८ वर्षांच्या ३०४ मुलांवरील एका चाचणीत २२ आठवड्यांच्या व्यायामाने शरीरातील चरबीचे प्रमाण घटल्याचे दिसले आहे, याचा या धाग्यावर कोणी उल्लेखही केला नाही, याचे मला वाईट वाटते.

निवृत्तीनंतरही मी एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस जातो. पुढच्या महिन्यात तेथे वजने घ्यायची आहेत. काटा साहित्याच्या खोलीत, दाराआड ठेवीन, एकेकाला आत बोलावीन आणि आकडा मीच लिहीन. पन्नास मुलांना दोन तास लागतील. वजन घेणे बंद करा असे मात्र मला कोणी सांगू नये.

उंबरठा

आत आलेल्या मुलीला आधी विचारा, सर. ती नको म्हणाली, तर तिच्या नावापुढची जागा कोरी राहू द्या.