विज्ञानाच्या शाखा नेमक्या कशाच्या आधारावर पडल्या? मदत हवी आहे

नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे. परवा तिने विचारलं, "पाणी उकळतं ते भौतिकशास्त्रात, मग लोखंड गंजतं ते रसायनशास्त्रात का?" मला धड उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून प्रश्न डोक्यातून जात नाही.

ज्ञानाचा पसारा वाढला म्हणून वाटणी झाली, एवढं कळतं. न्यूटनच्या काळी या सगळ्याला 'नॅचरल फिलॉसॉफी'च (निसर्गाचं तत्त्वज्ञान) म्हणत. 'सायंटिस्ट' हा शब्दच मुळी १८३० च्या दशकात विल्यम ह्यूएल या इंग्लिश विद्वानाने घडवला. पण सीमारेषा कुठे? रदरफोर्ड हाडाचे भौतिकशास्त्रज्ञ, आणि १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं रसायनशास्त्राचं! डीएनएची रचना १९५३ साली उलगडली ती क्ष-किरणांच्या छायाचित्रांच्या मदतीने. ते जीवशास्त्र की भौतिकशास्त्र?

माझा खरा प्रश्न असा: ही विभागणी मुळात निसर्गातच आहे (अणू, रेणू, पेशी अशा पातळ्यांमुळे), की शिकण्या-शिकवण्याच्या सोयीसाठी आपण केली? पेशी रेणूंचीच बनलेली, तर जीवशास्त्र वेगळं कशाला लागतं? तेरा वर्षांच्या मुलीला पटेल असं एखादं उदाहरण कुणी सुचवाल का? विज्ञान शिकवणाऱ्यांनी तर आवर्जून लिहावं.