बेसुमार, बेताल, मोकाट

संयम सुटल्याचे दाखवायला मराठीत ‘अतिरेक’ आणि ‘स्वैर’ यांपलीकडे फारसे शब्द नाहीत, असे कोणी म्हणेल; त्यात थोडी भर घालतो. फारसीतून आलेल्या ‘बे’ या उपसर्गाने आपल्याला या अर्थाचे एक कुटुंबच दिले आहे आणि नेमके काय सुटले तेही त्यातला प्रत्येक शब्द सांगतो: बेलगाम म्हणजे लगाम नसलेला, बेहद्द म्हणजे हद्द ओलांडलेला, बेसुमार म्हणजे मोजदादीबाहेर गेलेला. (‘बेताल’मधला ताल मात्र संस्कृत, उपसर्ग तेवढा परका.) एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या दिवसांत बोअरच्या उपशाला आम्ही ‘बेसुमार’ म्हणत असू आणि ते शब्दशः खरे होते, कारण आमच्या गल्लीत किती पाणी उपसले याची मोजणी कोणीच ठेवली नव्हती.

देशी शब्दांत मला ‘मोकाट’ सर्वांत नेमका वाटतो. दावे तोडलेला गोऱ्हा रात्री हरभऱ्यात शिरला, की सकाळी खाल्लेल्यापेक्षा तुडवलेलेच जास्त दिसते. ही नासधूस ‘अतिरेक’ या शब्दात येत नाही. ‘धरबंध’ची तऱ्हा आणखी निराळी, कारण तो बहुधा नकारासोबतच येतो: ‘त्याच्या खर्चाला काही धरबंध नाही’ असे आपण सहज म्हणतो, पण एखाद्याच्या खर्चाला धरबंध आहे, असे कौतुकाने बोललेले मी अजून ऐकलेले नाही.