आधी मागचं झाकण वाचा

रात्री काढून ठेवलेलं सिको फाइव्ह मनगटी घड्याळ पहाटे बंद, आणि कारागीर म्हणतोय मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग, बदला? थांबा जरा. झाकणावरचा नंबर ७००९ ने सुरू होत असेल तर त्या मशीनला चावी देताच येत नाही, मनगट हललं तरच ते भरतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचं असंच होतं.

बाबांच्या घड्याळात मात्र रोटरखालच्या (रोटर म्हणजे मनगटाबरोबर फिरणारं वजन) मॅजिक लिव्हरचे, म्हणजे स्प्रिंग भरणाऱ्या दांडीचे, दोन्ही हूक वाळक्या तेलात चिकटले होते. नुसत्या साफसफाई-ऑइलिंगवर काम भागलं.

पार्टच लागला, तर रविवारी-बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात त्याच नंबरचं बंद घड्याळ शोधा. डायल चकाचक दिसली म्हणून जास्त पैसे मोजू नका, बऱ्याचदा रंगवलेली असते. आपल्याला काय, पोटातलं मशीन हवंय!