मदत हवी आहे : हॅवलॉकला मुक्काम पूर्व किनाऱ्यावर करावा की राधानगरला?

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत आम्ही चौघे, म्हणजे मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई, अंदमानला जाणार आहोत. पोर्ट ब्लेअरचे दोन दिवस ठरलेले आहेत, कारण सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय परतायचे नाही, असे सासूबाईंनी आधीच बजावले आहे. त्यानंतरच्या चार रात्री हॅवलॉक बेटावर काढायच्या आहेत. विमानाची तिकिटे हाती आली आहेत आणि बोटीची चौकशीही झाली आहे. घोडे अडले आहे ते राहण्याच्या जागेपाशी.

नकाशावरून मला समजले ते असे. जेट्टी गोविंदनगरला आहे. तिथून पूर्व किनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्यावर दोन नंबर, तीन नंबर, मग विजयनगरचा पाच नंबर अशा क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या जागा लागतात, पुढे काळापत्थर येतो, आणि बहुतेक हॉटेले व खाण्याची ठिकाणे याच पट्ट्यात आहेत. राधानगर, म्हणजे सात नंबर, पश्चिमेला जेट्टीपासून सुमारे 12 किलोमीटरवर आहे. तिथे राहण्याच्या जागा मोजक्याच, आणि ज्या अगदी किनाऱ्यालगत आहेत त्यांचे दर पाहून नवऱ्याने संगणक बंद केला.

आमची गरज थोडी वेगळी आहे. सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. त्यांना पोहायचे नाही, स्कूबा करायचे नाही, काचेच्या बोटीतही बसायचे नाही. त्यांना फक्त रोज सकाळी घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहायचे आहे, आणि तेही गाडी न करता, खोलीतून चालत जाऊन. त्यांचे बालपण हर्णैला गेले. मी त्यांना पूर्व किनाऱ्यावरच्या एका हॉटेलची छायाचित्रे दाखवली, तेव्हा पाणी अगदी झाडांच्या मुळांशी आलेले पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘हा फोटो भरतीचा दिसतो. सुकतीचा आहे का?’ नव्हता. मग मी बरीच शोधाशोध केली आणि प्रवाशांनी काढलेल्या छायाचित्रांत तीच जागा ओळखू येईना, इतके पाणी मागे गेलेले होते आणि मधे सगळे खडप उघडे पडले होते.

या बाबतीत आम्ही एकदा पोळलो आहोत. तीन वर्षांपूर्वी अलिबागजवळ एका ठिकाणी समुद्रासमोरची खोली म्हणून जास्तीचे पैसे मोजले, दुपारी दोनला पोहोचलो, आणि समोर समुद्राऐवजी लांबच लांब ओली वाळू आणि चिखल. ज्या गावात ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत जातात, तिथे आम्ही हे आधी ओळखायला हवे होते, हे कबूल आहे.

तेव्हा जाणकारांना विचारते की, पूर्वेच्या किनाऱ्यावर राहिल्यास दिवसातून किती वेळ पाण्यात उतरता येते, आणि तळाशी वाळू आहे की बोचणारे प्रवाळ? की पैसे सोसून राधानगरलाच राहावे? चारपैकी दोन रात्री शेजारच्या नील बेटावर काढाव्यात, असेही एका मैत्रिणीने सुचवले आहे. सासूबाईंसाठी तो पर्याय कितपत सोयीचा आहे?

प्रतिसाद

ताई, मी नोकरीनिमित्त चार वर्षे पोर्ट ब्लेअरला होतो आणि हॅवलॉकला बरेचदा जाणे होई, त्यामुळे सविस्तर लिहितो. तुमच्या सासूबाईंनी नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. मुंबईला उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीच्या पातळीत जवळजवळ पाच मीटरपर्यंत फरक पडतो, अंदमानात तो सुमारे दोन मीटरच असतो. पण हॅवलॉकच्या पूर्वेला तळ उथळ आणि सपाट असल्यामुळे पाणी थोडे उतरले तरी ते फार लांब जाते. ओहोटीला तिथे खडक आणि मेलेल्या प्रवाळाचे तुकडे उघडे पडतात आणि नवे गुडघे घेऊन त्यावरून चालणे म्हणजे नसते संकट ओढवून घेणे. भरतीला मात्र तेच पाणी इतके शांत आणि उथळ असते की, लहान मुलासाठी आणि पाय बुडवण्यासाठी त्याहून चांगली जागा नाही. दोघांनाही रबरी तळव्याची पादत्राणे घालूनच उतरवा. पूर्वेच्या पट्ट्यात पाच नंबरला वाळू त्यातल्या त्यात बरी आहे.

राधानगरला वाळू मऊ आणि तळ स्वच्छ आहे, ओहोटीलाही पाण्यात उतरता येते. मात्र तिथे लाटा असतात. रस्त्यापासून उंच झाडांखालून थोडेसेच चालावे लागते. अडचण संध्याकाळची आहे. फेब्रुवारीत आपल्याकडे साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तिथे घड्याळ तेच असूनही साडेपाचच्या सुमारासच मावळतो. त्यानंतर किनाऱ्यावर थांबू देत नाहीत, आणि राधानगरला राहिलात तर रात्रीच्या जेवणासाठी एकतर हॉटेलवर अवलंबून राहायचे किंवा जंगलातल्या अंधाऱ्या, वळणावळणाच्या रस्त्याने तीन नंबरच्या बाजारापर्यंत जायचे. चार रात्री हे जड जाते, खिशालाही.

नीलविषयी माझे मत स्पष्ट आहे. बेट सुंदर आहे, शेतीचे आहे, बाजारात ताजी भाजी मिळते आणि हॅवलॉकपेक्षा शांतता जास्त आहे. भरतपूरचा किनारा जेट्टीला लागूनच आहे आणि तिथले पाणी संथ असते. पण तिथला जो नैसर्गिक दगडी पूल पाहायला सगळे जातात, तिथे ओहोटीच्या वेळी खडकांवरूनच जावे लागते, म्हणजे सासूबाई बाहेरच बसणार. शिवाय आणखी एकदा सामान बांधणे, आणखी एकदा बोट चढणे-उतरणे. चारच रात्री असतील तर मी बेट बदलणार नाही.

आरक्षण करताना एक लक्षात ठेवा. डिसेंबर 2018 मध्ये हॅवलॉकचे नाव स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप झाले, आणि सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. हॉटेल एका नावाने आणि बोट दुसऱ्या नावाने दिसली तर गोंधळू नका. आणि खाडीच्या तोंडाशी किंवा कांदळवनाजवळ मुलाला पाण्यात सोडू नका. त्या पाण्यात मगरी आहेत आणि तसे फलक लावलेले असतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचे म्हणणे असे की, कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, मग तिथेही तसेच मोजून खोली का घेऊ नये? आमचा मुक्काम माघी पौर्णिमेच्या आसपास आहे. उधाण टाळण्यासाठी तारखा बदलणे शक्य नाही, कारण मुलाची शाळा. हा हिशेब तिथे चालेल का?

प्रतिसाद

अर्धा चालेल. पाऊणपटीचा हिशेब म्हणजे भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, आणि ते सरकणे तिथेही जवळपास तेवढेच आहे. पण पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती हा जो आरंभ आहे, तो आपल्या किनाऱ्याचा. बंगालच्या उपसागरात ती वेळ वेगळी पडते. त्यामुळे पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून पहिल्या दिवसाची वेळ पाहून घ्या आणि पुढचे तीन दिवस सासूबाईंकडे सोपवा. उधाणाच्या दिवसांत पाणी भरतीला जास्त आत येते तसे ओहोटीला जास्त लांबही जाते, म्हणून मुक्काम पौर्णिमेच्या सात-आठ दिवस पुढे गेला असता तर बरे झाले असते. पण शाळेपुढे इलाज नाही.

माझा सल्ला विचाराल तर पाच नंबरजवळ, तळमजल्यावरची आणि पायऱ्या नसलेली खोली घ्या. आरक्षणाआधी हॉटेलला दूरध्वनी करून ओहोटीच्या वेळचे छायाचित्र मागा. जे आढेवेढे घेतील त्यांना सोडून द्या. ज्या सकाळी भरती असेल त्या सकाळी दारातल्या पाण्यात उभे राहा, आणि ज्या दिवशी ती वेळ जुळणार नाही त्या दिवशी गाडी करून दुपारी तीनपर्यंत राधानगर गाठा. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, तेव्हा पायांना खोबरेल तेल चोपडायला विसरू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोन हॉटेलांना दूरध्वनी केला. एकाने ‘आमच्याकडे ओहोटी येत नाही’ असे उत्तर दिले. दुसऱ्याने दहा मिनिटांत छायाचित्र पाठवले. त्यात खडक आहेत, पण डाव्या हाताला वाळूची एक अरुंद पट्टी पाण्यापर्यंत गेलेली दिसते, आणि सासूबाईंनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. तळमजल्यावरची खोली तिथेच घेतली आहे.