खुल्या समुद्रातल्या जीवांचा करार: आपल्या इकडच्या कंपनीला बोलायची जागा कुठे?

शेंद्रा_क्यूए:
जाणकारांनो, डिटर्जंटसाठी एक एन्झाइम बनवायचं चाललंय. मूळ जिवाणू खोल समुद्रातला, किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपलीकडचा. आमच्याकडे फक्त त्याचा जनुकीय क्रम येणार. खुल्या समुद्राच्या जैवविविधतेचा करार (बीबीएनजे) 17 जानेवारी 2026 पासून लागू झालाय. मग परवानगी कुणाची? राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची? आणि पुढचे नियम ठरताना संभाजीनगरच्या कंपनीला म्हणणं मांडता येतं का?

लातूर_पेटंट:
आधी जागा पक्की करा. 200 मैलांपलीकडे कुणाचंच नाही, हे पाण्यापुरतं खरं. तळाचं तसं नाही. एखाद्या देशाचा भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्याला जोडून समुद्राखाली पसरलेला तळ, 350 मैलांपर्यंत, काही ठिकाणी त्याहून पुढेही जातो. म्हणून नमुना पाण्यातला की गाळातला, अक्षांश-रेखांश, खोली, तारीख, जहाज, एवढं पुरवठादाराकडून लेखी घ्या. नुसतं ‘हिंदी महासागर’ लिहिलेली नळी कामाची नाही.

प्राधिकरणाचा अर्ज इथं लागत नाही, 2002 चा जैवविविधता कायदा भारतातल्या जैविक संसाधनांचा आहे. या करारात परवाना नाहीच, नोंद आहे. नमुना गोळा करण्याच्या सहा महिने आधी, किंवा जमेल तितक्या लवकर, सदस्य देशामार्फत क्लिअरिंग हाउसला, म्हणजे कराराच्या सामायिक माहिती-केंद्राला कळवायचं. तिथून नमुन्यांच्या त्या गटाचा (बॅचचा) ओळखक्रमांक आपोआप मिळतो. गोळा केल्यावर एका वर्षाच्या आत दुसरी नोंद. घोळ होतो तो पुढे: क्रम डेटाबेसमधून उतरवला, प्रथिनात चार बदल केले, नाव बदललं आणि ओळखक्रमांक मागेच राहिला. तो क्लोनच्या नोंदवहीपासून पेटंटच्या मसुद्यापर्यंत सोबत न्या. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 10(4) खाली जैविक सामग्रीचा स्रोत आणि भौगोलिक उगम तसाही सांगावा लागतो.

नमुना जुना आहे म्हणून सुटका नाही. करार लागू होण्याआधी गोळा केलेल्याचा आताचा वापरही त्यात येतो, संबंधित देशाने लेखी अपवाद घेतला असेल तर गोष्ट वेगळी.

गोदाकाठ:
दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. भारताने 25 सप्टेंबर 2024 ला सही केली. बंधन मात्र अनुसमर्थनाने, म्हणजे सहीनंतरच्या औपचारिक मंजुरीने येतं. अंमलबजावणी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे, त्यामुळे तुमचं लेखी म्हणणं तिथं पाठवा. सदस्य देशांच्या परिषदेत उद्योग संघटना निरीक्षक म्हणून बसू शकतात, मत देशांचंच. संरक्षित क्षेत्राचा प्रस्ताव तयार करताना खासगी क्षेत्राशीही सल्लामसलत करायची, हे करारातच लिहिलंय. अशा क्षेत्राचा निर्णय शक्यतो सहमतीने, नाही जमलं तर तीन-चतुर्थांश मतांनी.

उद्योग तिथं असावाच, पण उघडपणे. खुल्या समुद्राच्या तळावरच्या खाणकामाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्राधिकरणात, म्हणजे जमैकातल्या किंग्स्टनला, काय झालं बघा. जून 2021 मध्ये नाउरू या बेट-देशाने खाणकामाची नियमावली दोन वर्षांत पुरी करा अशी मुदत लावणारं पत्र दिलं, ते ज्या कंपनीला पुरस्कृत केलं होतं तिच्या खाणकामासाठी. 9 जुलै 2023 ला मुदत संपली तेव्हाही नियमावली तयार नव्हती. एप्रिल 2025 मध्ये त्याच समूहाच्या अमेरिकी कंपनीने थेट अमेरिकेच्या कायद्याखाली अर्ज केला, आणि हे प्राधिकरण ज्यातून आलं त्या समुद्र कायद्याच्या कराराची अमेरिका सदस्यच नाही. आत बसून नियम घडवायचे आणि उशीर झाला की बाजूच्या दाराने निघायचं, हे मला अजिबात मान्य नाही. चार-पाच हजार मीटरवर लाखो वर्षांत तयार झालेले धातूंचे गोटे (खाणकाम यांच्यासाठीच) एकदा उचलले की त्यांच्यावर चिकटून जगणाऱ्या जीवांना दुसरा आधार उरत नाही.

एक अडचण आपल्या घरचीही आहे. मध्य हिंदी महासागरातल्या 75,000 चौरस किलोमीटरचा गोट्यांचा शोध-करार याच मंत्रालयाकडे आहे. म्हणून पत्राची पोच घ्या आणि प्रत जाहीर ठेवा.

नांदेड_मरीन:
गोदाकाठ दादांशी सहमत, पण उद्योगामुळे नियम सुधारल्याचं उदाहरणही आहे. जहाजाच्या बॅलास्ट पाण्याचा (तोल राखायला टाक्यांत भरतात त्या पाण्याचा) करार 2004 चा, लागू झाला 8 सप्टेंबर 2017 ला. मर्यादा अशी, की 50 मायक्रोमीटर आणि त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरला दहापेक्षा कमी. कागदावर सोपं वाटतं. गढूळ बंदरात मात्र फिल्टर तुंबतो, अतिनील प्रकाश गाळातून आरपार जात नाही. क्लोरीन तयार करणारी यंत्रणा कमी खारट पाण्यात कमी पडते. जहाजवाल्यांनी गढूळपणा, प्रवाह, अलार्मची वेळ यांच्या नोंदी लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे मांडल्या आणि 2024 मध्ये अशा पाण्यासाठी तात्पुरती मार्गदर्शक सूचना निघाली. त्या जीवसंख्येच्या मर्यादेला हात लागला नाही. नुसती तक्रार नेली असती तर कुणी वाचलीही नसती.

शेंद्रा_क्यूए:
मनापासून आभार. विक्रीवर किती टक्के द्यावे लागतील?

लातूर_पेटंट:
करारात दर लिहिलेला नाही. विक्रीचा हिस्सा, टप्प्याटप्प्याची रक्कम की ठरावीक शुल्क, हे पर्याय सदस्य देशांच्या परिषदेपुढे आहेत. तुम्हाला मत मांडायचंय ते नेमकं इथंच. तोवर या एन्झाइमच्या विक्रीचं खातं बॅच क्रमांकानुसार वेगळं ठेवा. मिश्रणात किती ग्रॅम गेलं हेही लिहा, नाहीतर उद्या पूर्ण डिटर्जंटच्या किमतीवर हिशोब लागेल.