किंगफिशचा २०२१ चा अल्बम '६६२' कसा वाटला?

तंबोराप्लस: अमेरिकन ब्लूज गिटारिस्ट-गायक क्रिस्टोन 'किंगफिश' इन्ग्रमचा हा दुसरा स्टुडिओ अल्बम २०२१ मध्ये आला, पोरगं तेव्हा २२ वर्षांचं पण गिटार काय रडवतंय राव, आणि गाणीही स्वतःची, कुणी पूर्ण ऐकलाय का?

निवांत: ऐकला. ६६२ म्हणजे उत्तर मिसिसिपीचा फोनचा एरिया कोड, किंगफिश तिथल्याच क्लार्क्सडेल गावचा ना. प्रोड्युसर परत टॉम हॅम्ब्रिजच, गाणी लिहायलाही तोच सोबत, साउंड जरा जास्तच चकाचक झालाय असं माझं मत.

तंबोराप्लस: असू दे की चकाचक, सोलो ऐक!!

खर्जातला: मला तर त्याचा गाण्याचा आवाजच जास्त आवडला, जाड, उबदार, कसली घाई नाही. 'रॉक अँड रोल' हे गाणं आईसाठी आहे, ती २०१९ च्या डिसेंबरात गेली. हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर नको.