जीपला ७.५०-१६ टायर घातले, आता मीटर कमी दाखवतंय

जीपवाला_पाटण:
बाबांची १९६९ ची महिंद्रा सीजे-३बी आहे. दिवाळीत ६.००-१६ टायर काढून ७.५०-१६ घातले. परवा चिपळूणला जाताना किलोमीटरचे दगड मोजत गेलो. वीस दगड झाले तेव्हा मीटरवर १७.८ च किलोमीटर पडले होते. काटा ६० वर होता तेव्हा भाच्याने फोनवर बघितलं, म्हणाला, मामा, ६७ चाललंय! घाटात हे बरं नाही. एक मीटरवाला म्हणतो, काटा उपटून थोडा पुढे बसवून देतो. मूळ मीटर आहे, बाबा दर रविवारी त्याची काच पुसायचे. त्याला हात लावू द्यावा का?

रानवाट:
फोन डॅशला अडकवा आणि जीपीएसवर बघा. मीटरला हात लावू नका.

जुनी_जीप_सांगली:
काटा अजिबात हलवू देऊ नका. पुढे बसवलेला काटा गाडी उभी असतानाही ७ दाखवेल. ६० ला जेमतेम बरोबर येईल, पण ३० ला तीन-साडेतीनने जास्त दाखवेल. टायरची चूक टक्क्यांत असते, ती काटा सरकवून जात नाही. आतली केसासारखी स्प्रिंग जुळवली तर वेग बरोबर येईल, पण किलोमीटरचे आकडे दात्यांवर फिरतात. ते चुकीचेच पडत राहतील आणि तुम्हाला वाटेल की गाडी पेट्रोल जास्त खातेय.

चूक मीटरची नाहीच, म्हणून दुरुस्ती खाली करायची. आधी मोजमाप. टायरमध्ये रोजची हवा भरा, एक माणूस गाडीत बसवा. मागच्या टायरवर आणि खाली फरशीवर खडूने रेघ मारा. गाडी सरळ ढकलून चाकाचे बरोबर दहा फेरे करा आणि अंतर टेपने मोजा. मग एका मागच्या चाकाला जुना टायर लावून तेच करा. नव्या मापाला जुन्याने भागा. टायरवर छापलेल्या आकड्यांवरून हिशेब करू नका, वजनाखाली टायर दबतो.

ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा. त्याच्या मागच्या बाजूला मीटरची केबल जिथे बसते तिथे लहान पिनियन, म्हणजे दातेरी चाक असतं. टायर मोठा झाला की चाक कमी फिरतं, म्हणून केबल जास्त फिरवायला हवी, म्हणजे पिनियनला दाते कमी हवेत. समजा तुमच्या पिनियनला १७ दाते आहेत आणि भागाकार १.१२ आला, तर १५ चं शोधा. दोन दात्यांपेक्षा जास्त फरक लागला तर दाते एकमेकांत नीट बसतीलच असं नाही, तेव्हा केबलच्या मध्ये लावायचा छोटा गिअरबॉक्स बघा. पिनियन काढताना ऑइल सील बदलून टाका, नाहीतर तिथूनच तेल झिरपत राहतं.

आणि एक, स्टेपनी जुन्या मापाची असेल तर ती लावून फोर व्हील टाकू नका. एका चाकाचं माप वेगळं असलं की सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो.

जीपवाला_पाटण:
काका, मनापासून आभार. काल अंगणात मोजलं. नव्या टायरचे दहा फेरे २४.५ मीटर, जुन्याचे २१.८. भागाकार १.१२४. दगडांचा हिशेबही तोच येतो! स्टेपनी ६.००-१६ च आहे, तीही बदलतो. मीटरवाल्याला नको म्हणून कळवलं.